हात गेल्यावरचं काम

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो असा : परदेशी गेलेली आपली मुलं तिथे नेमकं काय शिकतात? संगणक, अभियांत्रिकी, व्यवस्थापन यांबद्दल आता घराघरात माहिती असते. त्या यादीबाहेरचं काही शोधताना सांगलीकडच्या एका मुलीशी ओळख झाली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरात ती पुनर्वसन समुपदेशनात पीएच.डी. करते. अपघातानं, आजारपणानं किंवा जन्मापासून अपंगत्व आलेल्या माणसाला कामधंद्याला लागायला मदत करणं हा या विद्येचा गाभा. ती हे कसं शिकते ते पाहायला मी मॅडिसनला गेले. तिचं आणि ज्यांच्यासाठी ती काम करते त्यांचं नाव या लेखात नाही. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. तिनं घातलेली ही एकमेव अट होती आणि ती तिच्या व्यवसायाचीच अट आहे.

गोठ्यातली बैठक

मॅडिसनच्या पश्चिमेला तासभर गेलं की सपाट रान संपतं आणि टेकड्या लागतात. ऑक्टोबर होता. उतारांवर मका आणि लसूणघासाचे पट्टे एकाआड एक पसरलेले, मक्याची काढणी जोरात चाललेली. विस्कॉन्सिन हे दुधाचं राज्य. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा तशी ओळ असते. आम्ही ज्या गोठ्यावर गेलो, तिथला मालक पन्नाशी उलटलेला गवळी-शेतकरी. ट्रॅक्टरच्या मागे यंत्र चालवणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. आदल्या वर्षी त्याच्या जॅकेटची बाही त्यात अडकली आणि डावा हात कोपराच्या वरून गेला.

बैठकीला राज्याच्या व्यवसाय पुनर्वसन विभागातली एक अनुभवी समुपदेशक होती. शेतकऱ्यांसाठीच काम करणाऱ्या ‘अ‍ॅग्रॅबिलिटी’ कार्यक्रमातला एक तज्ज्ञ होता. तिसरी आमची विद्यार्थिनी. अ‍ॅग्रॅबिलिटीचा पाया अमेरिकेच्या १९९० च्या शेतीविषयक कायद्यात आहे. अपंगत्व आलेल्या शेतकऱ्याला शेतीतच राहता यावं, यासाठी विद्यापीठांचे विस्तार विभाग आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था मिळून तो चालवतात.

मला वाटलं होतं, टेबलाशी बसून फॉर्म भरले जातील. आमच्या विद्यार्थिनीनं वही मिटलेलीच ठेवली आणि ती त्याला म्हणाली, “सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते जसंच्या तसं दाखवाल का?” मग तो पुढे आणि बाकी सगळे मागे, असा फेरा सुरू झाला. गव्हाणीत चारा टाकताना तो फावडं मांडीला टेकवून रेटत होता. ट्रॅक्टरवर चढताना उजव्या हातानं दांडी धरायची आणि त्याच हातानं दार उघडायचं, तेव्हा मधल्या एका क्षणी तो कशालाच धरून नसायचा. दूध काढायचं यंत्र तो पट्ट्यानं उजव्या खांद्याला अडकवून एका गाईकडून दुसरीकडे नेत होता. ते पाहून तज्ज्ञानं समुपदेशकेकडे नजर टाकली. उरलेला खांदा असा रोज राबला तर तोही जाणार, हे दोघांनाही दिसलं होतं.

फेरा संपल्यावर तिनं विचारलं, “यातलं कुठलं काम दुसऱ्यावर सोपवायला तुमची हरकत नाही? आणि कुठल्या कामाला दुसऱ्यानं हात लावलेला चालणार नाही?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, चारा कापून गठ्ठे बांधायचं काम ठेकेदाराला देईन. गाय विताना मात्र मीच तिथे असणार.

पुढचा सगळा आराखडा या उत्तराभोवती रचला गेला. दूध काढायचं यंत्र लटकत सरकावं म्हणून गोठ्याच्या छताला रूळ. एका हातानं चाक फिरवता यावं म्हणून ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला गोल मूठ. डावीकडचे दांडे उजवीकडे. चढायला एक जादा पायरी आणि लांब कठडा. खाली न उतरता यंत्र जोडता येईल असा आकडा. विण्याच्या खणात कॅमेरा, म्हणजे रात्री उगाच खेपा नकोत. कृत्रिम हाताचा विषय सगळ्यात शेवटी निघाला आणि तोही त्यानंच काढला.

मामाची कडबाकुट्टी

परतताना गाडीत ती बोलू लागली. “ताई, माझ्या मामाचा हात कडबाकुट्टीत गेला. मी सातवीत होते.”

आपल्याकडे कडबाकुट्टी कुणी पाहिली नाही? वैरणीची पेंढी आत सरकवता सरकवता हात पात्यापर्यंत जातो. मामाचा उजवा हात मनगटातून गेला. सरकारी दवाखान्यात जखम चांगली भरली, त्याबद्दल घरात कुणाचीही तक्रार नव्हती. मग प्रमाणपत्र झालं. त्यावर टक्के आले. टक्क्यांच्या आधारे एसटीची सवलत आली, निराधार योजनेचे पैसे सुरू झाले. मामा तेव्हा पस्तिशीचा. गावात पंप दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो नुसता आवाज ऐकून मोटारीचा बिघाड सांगायचा.

“त्याचा कान शाबूत होता, डोकं शाबूत होतं,” ती म्हणाली. “डावा हात होता. हाताखाली एक पोरगं दिलं असतं, चार अवजारं बदलून दिली असती, तर त्याचं दुकान चाललं असतं. सगळे म्हणायचे, ‘आता बस निवांत, आम्ही हाय न्हवं.’ सगळे प्रेमानंच म्हणायचे. आणि मामा बसला. वीस वर्षं ओसरीवर बसला.”

मानसशास्त्रात एम.ए. करून ती एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात समुपदेशक म्हणून लागली. रुग्ण चालू लागला, जेवू लागला, स्वतःचे कपडे घालू लागला की घरी जायचा. त्यानंतर त्याचं काय होतं, हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. डॉक्टरांचं काम शरीराशी, थेरपिस्टचं हालचालींशी, समाजसेवा अधीक्षकांचं योजनांच्या कागदांशी. ‘उद्यापासून पोट कसं भरणार?’ या प्रश्नाचा वालीच कुणी नव्हता. त्या प्रश्नाचं अख्खं शास्त्र आहे आणि त्यात पदवीही मिळते, हे तिला एका संशोधन निबंधाखालची लेखकांची ओळख वाचताना कळलं.

सैनिकांपासून सुरुवात

या शास्त्राची मुळं पहिल्या महायुद्धात आहेत, आणि एक मूळ आपल्याकडेही आहे. १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं मुंबईत ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ निघाली. युद्धात अपंग झालेल्या भारतीय सैनिकांना धंदेशिक्षण देणारी ही संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तिथे आहे. अमेरिकेनं अपंग सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला १९१८ मध्ये, म्हणजे दोन्हीकडची सुरुवात जवळपास एकाच वेळची.

फरक पडला तो पुढच्या पावलांनी. अमेरिकेनं १९२० मध्ये हीच सोय साध्या नागरिकांना लागू केली. कारखान्यात बोटं गेलेला कामगार आणि खाणीत पाय गेलेला मजूर त्यात आले. तेव्हा फक्त शारीरिक अपंगत्वाचा विचार होता. १९४३ मध्ये मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता असलेली माणसंही कायद्यात आली. त्या कायद्याला ज्या दोघांचं नाव आहे, त्यांतले एक, सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट धाकटे, याच विस्कॉन्सिनचे.

पण ही सेवा देणार कोण? कारकून नियम सांगू शकतो. फाटलेलं आयुष्य कसं सांधायचं, ते त्यानं कुठे शिकायचं? १९५४ च्या दुरुस्तीनं याचं उत्तर दिलं. विद्यापीठांना असे समुपदेशक घडवण्यासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला आणि देशभर पदव्युत्तर अभ्यासक्रम उभे राहिले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच. हक्क कागदावर आणणाऱ्या कायद्यांइतकंच तो हक्क हातात ठेवणारं माणूस तयार करणं महत्त्वाचं असतं, हे तिथे सत्तर वर्षांपूर्वी ओळखलं गेलं.

१९७३ च्या पुनर्वसन कायद्यानं आणखी दोन गोष्टी केल्या. आराखडा अपंग व्यक्तीच्या सहभागानं लेखी व्हायला हवा, असं ठरलं. आणि कलम ५०४ नुसार केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला बंदी आली. त्या कलमाचे नियम वर्षानुवर्षं रखडले, तेव्हा १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत ज्युडी ह्यूमन आणि त्यांच्या साथीदारांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला. व्हीलचेअरवर बसलेली माणसं तिथेच राहिली, तिथेच झोपली आणि नियमांवर सही झाल्यावरच उठली. अमेरिकेतला अपंग हक्कांचा १९९० चा मोठा कायदा याच लढ्याच्या वाटेवरचा.

फाईल कशी चालते

आपल्याकडे पहिला प्रश्न टक्क्यांचा असतो. चाळीस टक्के भरले तर माणूस बहुतेक योजनांच्या दारात उभा राहतो. विस्कॉन्सिनच्या कार्यालयात पहिला प्रश्न वेगळा आहे : या व्यक्तीच्या अडचणीमुळे नोकरी मिळवण्यात, टिकवण्यात किंवा धंदा करण्यात ठळक अडथळा येतो का? आणि आमच्या सेवेची तिला गरज आहे का? एक बोट गेलेल्या बँक कारकुनाचं काम बहुधा अडणार नाही, पण तेच बोट सतारियाचं असेल तर त्याचं सगळंच अडेल. म्हणून मोजायचं ते त्या माणसाच्या कामाच्या संदर्भात.

अर्ज आल्यापासून साठ दिवसांत पात्रतेचा निर्णय व्हावा लागतो. पात्र ठरल्यावर नव्वद दिवसांत वैयक्तिक आराखडा तयार व्हायला हवा. त्यात काय ठरलं आहे, कोणतं प्रशिक्षण, कोणती उपकरणं, कुणाकडून घ्यायची आणि प्रगती कशावरून मोजायची, हे सगळं लिहिलेलं असतं. त्यावर समुपदेशकाइतकीच त्या व्यक्तीची सही लागते. निर्णय पटला नाही तर दाद मागता येते आणि ती मागायला मदत करणारी स्वतंत्र यंत्रणा प्रत्येक राज्यात आहे. काम मिळालं म्हणून फाईल लगेच बंद होत नाही. माणूस निदान नव्वद दिवस त्या कामावर टिकला, तरच ती यशस्वी म्हणून मिटते. खर्चातले ७८.७ टक्के केंद्र सरकार देतं आणि उरलेले राज्य.

हे वाचून तिथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. पैसा कमी पडला की सर्वांत तीव्र अपंगत्व असलेल्यांना आधी घेतात आणि बाकीचे प्रतीक्षा यादीत थांबतात. एकेका समुपदेशकाच्या माथ्यावर फायलींचा ढीग असतो. त्याहून अवघड गाठ भत्त्याची. अपंगत्वाचं निवृत्तिवेतन आणि त्याबरोबर येणारा सरकारी आरोग्यविमा हातचा जाईल, या धास्तीनं कितीतरी जण कामाला हातच घालत नाहीत. म्हणून अमुक पगार मिळाला तर भत्त्याचं काय होईल आणि विमा किती काळ चालू राहील, याचा हिशेब मांडून दाखवणं हेही समुपदेशनाचंच काम. भत्ता तुटू न देता नऊ महिन्यांपर्यंत काम करून पाहता येतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

“लोकांना वाटतं समुपदेशन म्हणजे धीर देणं,” ती म्हणाली. “माझा निम्मा वेळ बसचे मार्ग शोधण्यात जातो. नोकरी आहे, माणूस तयार आहे, पण पहाटे पाचला तिथे बस जात नाही. तेव्हा धीर देऊन काय होणार?”

बाकूहून आलेली संशोधक

मॅडिसनच्या ग्रंथालयात तिनं मला एक जुनं संशोधन दाखवलं. लेखिकांपैकी एक तमारा डेम्बो. बाकूमध्ये जन्मलेल्या डेम्बो बर्लिनला कुर्ट लेविन यांच्याकडे डॉक्टरेटचं काम करत होत्या आणि १९३० मध्ये अमेरिकेत आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लोरिया लाद्यू-लेविटन आणि बीआट्रिस राइट यांच्यासह त्यांनी जखमी सैनिकांच्या मुलाखती घेतल्या आणि या विद्येचा वैचारिक पाया घातला.

डेम्बो यांनी एक साधी गोष्ट नीट मांडून दाखवली. अपंगत्व ज्याच्या वाट्याला आलं त्याला ते जसं दिसतं आणि बाहेरून बघणाऱ्याला जसं दिसतं, त्यांत मोठं अंतर असतं. बघणाऱ्याला उणीव दिसते, कीव येते. समोरच्यानं दुःखी असायलाच हवं, असंही त्याला वाटतं, कारण तसं नसेल तर बघणाऱ्याच्या मूल्यांनाच धक्का बसतो. ज्याचं आयुष्य आहे त्याला मात्र आजचा दिवस, आजचं काम, आजची माणसं दिसत असतात. बीआट्रिस राइट यांनी १९६० च्या पुस्तकात याला जोड दिली : एक उणीव बघणाऱ्याच्या मनात पसरत जाते. पाय अधू आहे म्हणजे बुद्धीही बेताची, लग्नाला नालायक, व्यवहारात कच्चा, अशी ती अख्खा माणूस व्यापून टाकते. व्हीलचेअरवरच्या माणसाला वगळून सोबतच्याला ‘यांना चहा चालेल का?’ असं विचारताना आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे.

“डेम्बो परक्या देशातून आल्या होत्या,” ती म्हणाली. “कदाचित म्हणूनच त्यांना हे अंतर दिसलं असेल. इथे आल्यावर माझं इंग्रजी ऐकून लोक सावकाश, मोठ्यानं बोलायचे. एक उच्चार अडला की मला विषयच कळत नाही असं धरून चालायचे. राइटबाईंनी काय लिहिलंय ते मला तेव्हा पुरतं कळलं.”

आरशामागचे वर्ग

पीएच.डी. म्हणजे प्रबंध, अशी आपली समजूत असते. या शाखेत प्रबंध हा एक भाग. अमेरिकेतल्या समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांप्रमाणे डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यानं पाच गोष्टींत तयार व्हायला हवं : समुपदेशन, इतर समुपदेशकांवर देखरेख, अध्यापन, संशोधन, आणि नेतृत्व व हक्कांची बाजू मांडणं. शंभर तासांचं प्रात्यक्षिक, त्यांतले चाळीस तास थेट माणसांसमोर. त्यानंतर सहाशे तासांची उमेदवारी.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत एका भिंतीला एकतर्फी आरसा असतो. समोरच्या व्यक्तीच्या लेखी संमतीनं मुलाखतीचं चित्रण होतं आणि मग विद्यार्थी आणि मार्गदर्शक ते मिनिटामिनिटाला थांबवत पाहतात. चित्रणं गोपनीय असल्यामुळे मला ती पाहता आली नाहीत, पण तिनं तिच्या पहिल्या मुलाखतीबद्दल सांगितलं. मणक्याच्या दुखापतीमुळे ट्रक चालवणं सुटलेला एक माणूस आला होता. तो म्हणाला, “आता माझ्यात काही राम नाही.” त्यावर तिनं घाईघाईनं त्याला तीन पर्याय सुचवले. मार्गदर्शकांनी चित्रण तिथेच थांबवलं आणि विचारलं, “तो बोलला आणि तू बोललीस, यामध्ये किती वेळ गेला?” एक सेकंदही गेला नव्हता.

“आपल्याकडे कुणी दुःख सांगितलं की लगेच उपाय सांगायचा, ही माया समजतात. मला थांबायला शिकायला वर्ष लागलं.”

पण तिच्याकडून त्या वर्गालाही काही मिळालं. विस्कॉन्सिनमध्ये मोंग समाजाची वस्ती मोठी आहे. लाओसमधल्या युद्धानंतर निर्वासित म्हणून आलेली ही माणसं. त्यांच्यातला एक तरुण अपस्माराच्या त्रासामुळे नोकरी सुटल्यावर कार्यालयात आला तो आई, वडील, काका आणि मोठ्या बहिणीसह. नियम सांगतो की निवड त्या व्यक्तीची, म्हणून रीतीप्रमाणे बाकीच्यांना बाहेर बसवायला हवं. तिनं परवानगी काढून सगळ्यांना आत घेतलं. काकांना आधी बोलू दिलं. त्यांची भीती होती ती फिट येऊन पोरगा यंत्रावर पडेल याची. ती भीती पूर्ण ऐकून घेतल्यावर तिनं मुलाला विचारलं आणि तो काकांसमोरच म्हणाला, मला स्वयंपाकघरातलं काम नको, मला हिशेबाचं काम हवंय. पुढच्या भेटीला काकांनीच त्याला आणून सोडलं.

कुटुंब बरोबर असताना व्यक्तीची निवड कशी जपायची, हाच आता तिच्या प्रबंधाचा विषय आहे. शेतकरी घरांत तर हा प्रश्न पदोपदी येतो. तिथे कामाची जागा आणि घर एकच असतं, मालक आणि बाप एकच असतो.

वीस तास आणि बारा महिने

या वाटेवरचे काटे वेगळे सांगायला हवेत, कारण जाहिरातीत ते दिसत नाहीत. पुनर्वसन समुपदेशकांच्या शिक्षणासाठी अमेरिकेचं केंद्र सरकार शिष्यवृत्त्या देतं. एका वर्षाच्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात दोन वर्षं या क्षेत्रात नोकरी करायची, असा करार असतो. त्या फक्त नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. परदेशी विद्यार्थ्याचा मार्ग विद्यापीठातल्या सहायकपदातूनच जातो. शिकवणी किंवा संशोधनाचं काम करायचं, त्यात फी माफ होते आणि महिन्याचं मानधन मिळतं. व्हिसाच्या नियमानं सत्र चालू असताना आवारात आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही. आवाराबाहेर उमेदवारी करायची तर प्रत्येक वेळी वेगळी परवानगी लागते.

शिक्षण संपल्यावर अनुभवासाठी बारा महिने मिळतात. संगणक आणि अभियांत्रिकीच्या मुलांना त्यावर आणखी चोवीस महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते, पण पुनर्वसन समुपदेशन त्या यादीत नाही. म्हणजे एका वर्षात व्हिसाची हमी घेणारी संस्था शोधायची, नाहीतर परत फिरायचं. त्यातल्या त्यात विद्यापीठांतल्या प्राध्यापकीचा रस्ता जरा मोकळा, कारण त्यांच्यावर कामाच्या व्हिसाच्या वार्षिक संख्येची मर्यादा नसते. पिशवीत पदवी घेऊन मोठ्या पगारावर जायचं क्षेत्र हे नव्हे. तिच्या तुकडीत कोरियाची एक आणि तैवानचा एक विद्यार्थी आहे. दोघांच्याही घरी कुणीतरी आजारी किंवा अपंग माणूस होतं. या वाटेला माणसं येतात ती बहुधा अशीच.

आधी काम, मग शिक्षण

मॅडिसनमध्ये हे शिकण्याला वेगळा अर्थ आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या मेंडोटा मनोरुग्णालयातल्या लिओनार्ड स्टाइन आणि मेरी अ‍ॅन टेस्ट यांनी डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्त्यांचं पथकच वॉर्डातून बाहेर काढलं. तीव्र मानसिक आजार असलेल्यांना रुग्णालयात ठेवण्याऐवजी पथक त्यांच्या घरी, त्यांच्या कामाच्या जागी जाऊ लागलं. ती पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. त्याच सुमारास इथल्या विद्यापीठातले लू ब्राउन तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना खास शाळेत खोटी कामं शिकवण्याविरुद्ध उभे ठाकले. खिळे मोजून डब्यात घालायचे आणि संध्याकाळी ओतून टाकायचे, असल्या सरावातून कुणी नोकरीला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्याला हॉटेलात काम करायचं आहे त्यानं हॉटेलातच शिकावं.

हाच विचार पुढे न्यू हॅम्पशरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी मानसिक आजार असलेल्यांसाठी पक्का केला. माणूस ‘तयार’ होण्याची वाट न बघता, त्याला काम करायचं आहे ना, एवढंच पाहायचं. त्याच्या पसंतीचं खरं काम लवकर शोधायचं आणि आधार तिथे द्यायचा. नंतरच्या अनेक तुलनात्मक अभ्यासांत, आधी दीर्घ तयारी करून घेणाऱ्या पद्धतींपेक्षा या पद्धतीनं नोकरीला लागणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिसलं.

मॅडिसनच्या एका किराणा दुकानात मी एक तरुण पाहिला. तो शेल्फवर डबे लावत होता. खिशातल्या कार्डावर चार चित्रं होती : पेटी, कात्री, शेल्फ, रिकामी पेटी. एक काम झालं की तो त्या चित्रावर बोट ठेवायचा आणि पुढच्याकडे वळायचा. त्याला मदत करणारी बाई सुरुवातीला दिवसभर शेजारी उभी असायची, आता आठवड्यातून एकदा येऊन जाते. त्याला पगार बाकीच्यांच्याच दरानं मिळतो. चार चित्रांचं ते कार्ड कुणीतरी तासन्‌तास त्याचं काम पाहून बनवलेलं होतं.

आपल्याकडे कोण विचारतं?

महाराष्ट्र या बाबतीत रिकामा नाही, हे अभिमानानं सांगायला हवं. खडकीत शंभर वर्षांची परंपरा आहे. अपंगांसाठीच्या व्यवसाय पुनर्वसन केंद्रांची देशातली सुरुवात १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबाद इथे झाली. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवरून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, आणि त्यांच्या ‘चाकाची खुर्ची’नं हजारो मराठी वाचकांना जागं केलं. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या.

हे काम करणाऱ्या माणसांची पदंही कागदावर आहेत. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात पुनर्वसन व्यावसायिकांची यादी आहे. तीत व्यवसाय समुपदेशक आहेत, पुनर्वसन समुपदेशकही आहेत. तरी सांगली किंवा हिंगोलीतल्या एखाद्या गावात कुणाचा हात गेला, तर दवाखान्यातून घरी आल्यावर त्याच्या ओसरीवर येऊन, त्याच्याबरोबर रानात फिरून, त्याची अवजारं पाहून, बँकेशी आणि मालकाशी बोलून, तीन महिने त्याच्या कामावर लक्ष ठेवील असा माणूस त्याला भेटत नाही. कायदा आहे, प्रमाणपत्र आहे, भत्ता आहे, झटणाऱ्या संस्था आहेत. या सगळ्यांना एका माणसाच्या आयुष्याशी जोडून देणारा दुवा तेवढा गहाळ आहे.

आणि आपल्याकडचं बहुतेक काम शेतात, गोठ्यात, यंत्रमागावर, टपरीवर, स्वतःच्या धंद्यात आहे. सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांचं महत्त्व मोठं आहे, पण कडबाकुट्टीत हात गेलेल्याच्या घरापर्यंत ते पोचत नाही. त्याला हवं आहे डाव्या हातानं चालवता येईल असा पान्हा-पकडीचा संच, दुकानासाठी कर्ज आणि हे दोन्ही जुळवून आणणारं कुणीतरी. विस्कॉन्सिनचा गोठा पाहिल्यावर मला वाटलं, हे आपल्याकडे अशक्य नाही. स्टिअरिंगची गोल मूठ इचलकरंजीचा कुठलाही लोहार घडवील. लटकता रूळ आपल्या फॅब्रिकेटरना अवघड नाही.

मुलीला मी विचारलं, पदवीनंतर काय? ती म्हणाली, “इथे दोन-तीन वर्षं शिकवीन, कारण शिकवायला शिकायचंय. मग तिकडे. एकटीनं दवाखाना थाटून उपयोग नाही, ताई. माझ्यासारखे शंभर जण घडवणारा अभ्यासक्रम हवा, आणि त्यांना पगार देणारी पदं हवीत.”

तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं. राज्यातल्या एका तरी विद्यापीठानं हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा, आणि त्यात आरशामागच्या खोलीइतकेच तास गोठ्यात आणि कारखान्यात घालावेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, जिथे अपंगत्वाचे टक्के ठरतात त्याच मजल्यावर, एक पुनर्वसन समुपदेशक नेमावा. प्रमाणपत्र हातात पडेल त्या दिवशी त्याची गाठ घेणं सक्तीचं असावं. पात्रतेला साठ दिवस आणि आराखड्याला नव्वद दिवस, अशी मुदत आपणही घालून घ्यावी. यासाठी नवा कायदा नको. १९९२ च्या यादीतली पदं भरली, तरी पुष्कळ होईल. आणि पुढच्या वेळी गावात कुणाचा हात गेला, तर ‘बस निवांत’ म्हणण्याआधी त्याला काय करायचंय ते विचारणं, एवढं तर सरकारची वाट न बघता आपण प्रत्येकजण आजपासून करू शकतो.